मॉरिसव्हिलचा भुईकोट

इला तिकडे उत्तरेत, बर्फाळ ॲन आर्बरच्या विद्यापीठात नेमकं काय करते, हे अमेरिकेतल्याच मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना कधी नीट उमगलं नाही. तिची आई शोभना सांगायची, "जपानमधल्या एका जुन्या किल्ल्यावर पीएचडी करतेय." इथवर लोक कौतुकानं ऐकायचे. फोटो दाखवला की विषय बदलायचे. फोटोत भाताचं शेत, एक लांबट उंचवटा आणि त्यावर चार झाडं. मध्ययुगातला किल्ला, सपाटीवर बांधलेला, मातीचा आणि लाकडाचा. लाकूड जळलं, माती शेतकऱ्यांनी नेली, अर्ध्या खंदकावर शाळा उभी राहिली. जे उरलंच नाही त्याचा ही पोरगी अभ्यास करत होती.

तिच्या बाबांनी, यतीनरावांनी, तर त्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. तिनं कॉम्प्युटर सायन्स सोडलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. त्यानंतर बापलेकीचं बोलणं हवामान, गाडीचं ऑइल आणि "जेवलीस का" यापलीकडे गेलं नाही. डिसेंबरात तिथे तिचं पीएचडीचं शेवटचं प्रेझेंटेशन होतं. बाबांनी यावं असं तिला फार वाटत होतं. दिवाळीला ती मॉरिसव्हिलला घरी आली होती तेवढ्यासाठीच, पण विचारायचा धीर होत नव्हता.

मंडळाची किल्ला स्पर्धा तोंडावर आली होती. एरवी बाबा भलामोठा डोंगर रचायचे, त्यावर अळीव पेरायचे आणि बक्षीस घेऊन यायचे. यंदा त्यांचे गुडघे संपावर होते. "तू कर," ते म्हणाले. "किल्ल्यांचंच शिकतेस ना." हा टोमणा होता की विनंती, ते इलाला कळलं नाही. तिनं मंडळाच्या हॉलबाहेर, दाराशी आपला किल्ला केला. चौकोनी खंदक, आत मातीचा बुटका बांध, मध्ये काही नाही. लाकूड जळून गेल्यावर उरला असेल अगदी तसा.

संध्याकाळी लोक पूजेला आले. दाराशी आखलेली, कडा असलेली मोकळी जागा. मराठी माणसाला आणखी काय सांगावं लागतं? आरती संपेपर्यंत खंदक चपलांनी भरला होता, बांधावर बूट होते आणि बालेकिल्ल्याच्या जागी कुणाच्या तरी जरीच्या मोजड्या.

इलानं फोन काढून फोटो घेतला. खऱ्या खंदकात शाळेचा सायकल स्टँड होता, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती.

तेवढ्यात परीक्षक सुचित्राकाकू आल्या. "इला, तुझा किल्ला कुठाय गं?"

"हा काय, चपलांखाली."

"अगं, पण हा फ्लॅट आहे. डोंगर कुठाय?"

"भुईकोट आहे तो." दारातून बाबांचा आवाज आला, जरा चढलेला. "सगळे किल्ले काय डोंगरावर असतात? सोलापूरचा आहे डोंगरावर?"

"अच्छा, भुईकोट. मग बुरूज?"

"नाहीत. लाकडी मनोरे होते, जळाले. आणि तो बांध बघा, दाराशी मुद्दाम वळवलाय. शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये म्हणून."

इला बघतच राहिली. हे वळण तिनं फक्त आईला सांगितलं होतं, फोनवर. आई पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर टाकायची. बाबा तेव्हा पलीकडे टीव्ही बघत असायचे, निदान टीव्हीकडे तोंड करून बसलेले असायचे.

"मावळे कम्पल्सरी आहेत पण," असं म्हणून काकू पुढच्या किल्ल्याकडे वळल्या.

बाबा कण्हत खाली बसले आणि एकेक चप्पल उचलून गवतावर ठेवू लागले. लोकांच्या चपलांना हात लावणारा हा माणूस नव्हे.

"इट्स फाइन, बाबा. राहू दे."

"काय फाइन? खंदक आहे तो." त्यांनी एक स्नीकर बाजूला केला, ढासळलेली कड हातानं सारखी केली आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "यात पाणी कुठून आणायचे?"

उत्तर इलाला तोंडपाठ होतं. ते तिनं गिळलं.

"मोठी स्टोरी आहे," ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये सांगणारेय. ॲन आर्बरला."

बाबांनी आणखी दोन चपला बाहेर काढल्या. मग हॉलच्या दाराकडे मान वळवून हाक मारली, "शोभना, माझा जाड कोट कुठे ठेवलायस गं?"