तिसरा चौकोन

‘जंगलाकडे पाठ करून उभं राहायचा हुकूम तुम्हीच काढला.’

खुलाशाचं हे पहिलं वाक्य रंजीतानं इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. तिनं दुसरा कागद मांडीवर घेतला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला पाठ लावून बसली होती. आत खाटेवर भिवाजीमामा होते. मानेपासून खांद्यापर्यंत पट्ट्या, त्यातून पाझरलेलं पिवळं. त्यांची बायको गयाबाई बाहेर आली.

“डॉक्टर म्हंते, आजच नागपूरले न्या. पन ड्यूटीवर जखमी झाला असं हापिसाचं पत्र आना म्हंते.”

“आनतो, मामी.”

“त्याईनं तं हा कागद देल्ला.” गयाबाईनं पदराच्या गाठीतून नोटीस काढली. “काय लिवलं हाय वं याच्यात?”

तशीच नोटीस रंजीतालाही आली होती; तिनं ती चार वेळा वाचली होती. मंगळवारच्या हजेरीत रंजीता व भिवाजी या दोघांची नोंद नाही. बिंदू क्रमांक चौदावर त्यांच्यासोबत एक तिसरा इसम असल्याचे सिस्टीममध्ये दिसते. अनधिकृत इसमास वनक्षेत्रात का नेले, याचा खुलासा त्याच्या नाव-पत्त्यासह तीन दिवसांत द्यावा.

“काई नाई,” ती म्हणाली. “नाव इचारून राह्यले.”

मामा आणि ती, दोघंही वनखात्याचे रोजंदार वॉचर, जंगलात फिरून पहारा करणारे. मामा गुडीहत्नूरकडचे, भाजी पिकवणारे. बारा वर्षं जंगलात फिरलेले. रंजीताला तिसरं वर्ष. पहिल्याच दिवशी मामांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. एकानं वाकून पाणी प्यायचं तर दुसऱ्यानं त्याच्या मागं बघत उभं राहायचं. बिडी पेटवताना, चपलेतला काटा काढतानासुद्धा. दोघांची तोंडं एका दिशेला कधी करायची नाहीत.

पैनगंगेपल्याडून वाघीण आली तेव्हा ऑफिसनं प्लास्टिकचे मुखवटे वाटले. गोरेपान चेहरे, लाल ओठ, काहींना बारीक मिशी. डोक्याच्या मागं बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं माणूस आपल्याकडेच बघतोय. रंजीताला मिशीवालाच मिळाला होता. मामा म्हणायचे, “पुढून तू, मांगून तुया सासरा.”

मग फोन आले आणि फोनातली हजेरी आली. सकाळी नऊ ते साडेनऊ. दोघांचे चेहरे एका फोटोत, मागं क्रमांकाचा खांब. कपाळावर टोपी नको, पट्टी नको, नाहीतर फोन चेहरा ओळखत नाही. मुखवट्याचं इलॅस्टिक कपाळावरूनच जायचं. मामांनी मीटिंगमध्ये उभं राहून साहेबांना विचारलं होतं, “सारू, दोघंबी फोनात पाह्यलो तं मांगं कोन पाहीन?” हॉलमध्ये हशा पिकला.

मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते चौदा नंबरच्या खांबाशी पोचले. मागं कमरेइतकं गवत. दोघांनी मुखवटे काढून खांबावर अडकवले. रंजीतानं फोन हात लांब करून धरला. पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन आला, मामांच्या चेहऱ्याभोवती दुसरा. मग त्यांच्या खांद्यांच्या मधे, मागं, एक बारीक तिसरा.

फोन किणकिणला. दोनपेक्षा जास्त व्यक्ती. फोटो नामंजूर.

“तिसरा कोन आला वं?” मामा हसले. “तुया सासरा तं नोय?”

“तोच हाय. मुखवट्याले मानूस समजून राह्यला.”

आधीही दोनदा असं झालं होतं. मामांनी हात मागं करून दोन्ही मुखवटे खांबावरून ओढले आणि पिशवीत कोंबले. मागं वळून पाहिलं नाही. वळायचं कारणच नव्हतं; काय आहे ते दोघांना माहीत होतं.

“काढ आता. लवकर. वेळ जाते.”

तिनं पुन्हा फोन धरला. तिचा चौकोन. मामांचा चौकोन.

तिसरा चौकोन होता. आणि तो मोठा झाला होता.

रंजीताला आधी त्यातले कान दिसले. गवत हलत नव्हतं. तिचा अंगठा बटणावर दाबला गेला. मामांना तिचा बदललेला चेहरा पडद्यावर दिसला. त्यांनी तिला पुढं ढकललं आणि वळले.

पुढचं तिला सलग आठवत नाही. मामांची काठी मोडल्याचा आवाज. आपण जेवणाच्या डब्यावर दगड बडवतोय, ओरडतोय. मग गवत मिटलं. मामा बसलेले, मानेवर हात दाबून, आणि म्हणत होते, “हाजरी लागली का?”

ऑफिसात कारकून व्यंकटराव उघड्या खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून आदिलाबादेत, सगळे नोकरीवाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुलासा वाचायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला चष्मा काढला.

“असं लिहितात का, रंजीता? साहेबांच्या नावानं?”

“पत्र द्या, सारू. मामाले नागपूरले न्या लागते.”

“हजेरी नाही तर ड्यूटी कशी दाखवू? सिस्टीममध्ये तिसरा माणूस येतोय. त्याचं नाव लिही, मग बघू. कोण होता? भाचा? लाकडं तोडणारा कोणी?”

“तुमी फोटो पाह्यला?”

“फोटो कशाला बघायचा? आमच्याकडे नुसता नामंजुरीचा कोड येतो.”

तिनं फोन त्यांच्यापुढं ठेवला. नामंजूर झालेला दुसरा फोटो. पुढं दोन चेहरे, एक अर्ध्या उघड्या तोंडाचा. व्यंकटरावांनी दोन बोटांनी तिसरा चौकोन मोठा केला. आणखी मोठा केला. मग त्यांची बोटं तशीच थांबली.

पंखा फिरत होता. बाहेर अंगणात कोणाचं तरी पाऊल वाळक्या पानांवर पडलं.

व्यंकटराव दचकून खिडकीकडे वळले. मग उठले, खुर्ची ओढून भिंतीला लावली आणि भिंतीला पाठ टेकवून बसले.

रंजीता सगळं बघत होती. तिनं खुलाशाचा कागद त्यांच्याकडे सरकवला. खाली जागा उरली होती. तिथं तिनं पेन ठेवलं.

“तिसऱ्याचं नाव मले मालूम नाई, सारू. पत्ता तेच जंगल. तो आपल्या जागी होता.” तिचा आवाज चढला नाही. “आता तुमी लिवा. मंगळवारी सव्वानवाले भिवाजीमामा तिथं कोनाच्या हुकमानं पाठ करून उभे होते?”