सारसाचा शेवट

सौंदडच्या शाळेतली सहावीची मुलं त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या मुलांना व्हिडिओ कॉलवर आपापलं आवडतं पुस्तक सांगणार होती. डिंपलने आपलं भाषण घोटून घोटून पाठ केलं होतं. पण टीनाचा नंबर आधी लागला. पंख मोडलेल्या सारसाची गोष्ट तिने अशी रंगवून सांगितली, की पडद्यावरची मुलं ऐकता ऐकता पुढे सरकत आली.

डिंपलचा जळफळाट झाला. ते पुस्तक आधी वाचून तिनेच तर टीनाला शाळेच्या कपाटातून काढून दिलं होतं!

"मंग तो सारस उडते का नाही?" गोरेगावच्या एका मुलाने विचारलं.

"ते तुमीच वाचा," टीना हसून म्हणाली.

"उडते!" डिंपल मागून ओरडली. "उडून जाते अन् परत येतच नाही!"

पडद्यावरची पुढे आलेली मुलं मागे सरकली.

"आता आमी कायले वाचाचा?" तो मुलगा हिरमुसून म्हणाला.

टीना मागे वळली. आता ही भांडणार, असं डिंपलला वाटलं. पण टीनाचे डोळे भरून आले होते.

"मीनंबी शेवट वाचला नोता," ती म्हणाली. "पुरवून पुरवून वाचून राहिली होती मी."

तेवढ्यात सरांनी डिंपलला पुढे बोलावलं.

"तू शेवट नको सांगजो हां!" पडद्यावरून कुणीतरी ओरडलं, आणि दोन्ही वर्ग खदखदून हसले. टीना मात्र खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीवरच्या वेणीकडे बघताना डिंपलला पाठ केलेलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना.