तुळसाबाईंची आंघोळ

विनिताताईंच्या वृद्धाश्रमात कसला म्हणून वास येत नसे. डोंबिवलीत त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच. तीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून राबलेली बाई. चादरी एक दिवसाआड, नखं दर रविवारी, सकाळी सात ते साडेआठ चौदा जणींच्या आंघोळी. सगळा कारभार घड्याळावर चाले.

त्या घड्याळात कळव्याच्या तुळसाबाई काही बसेनात. वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडून जेमतेम सावरलेल्या. मुलगा पंढरी वागळे इस्टेटीत कामाला, सुनेच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. उचलायला घरात कुणी नाही, म्हणून त्यांना इथे आणलं. दिवसभर त्यांचा आवाजही नसे. पण सकाळी बाथरूममध्ये नेलं की आकांत. किंचाळणं, ओरबाडणं. तिसऱ्या आठवड्यात तर त्यांनी आंघोळ घालणाऱ्या कल्पिताच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"ताई, मी नाही करणार आता त्यांचं," कल्पिता म्हणाली. अकरा वर्षांत तिने कुणाबद्दल असं म्हटलं नव्हतं.

आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी सकाळची एक गोळी सुचवली. शांत राहतील, जरा झोपाळू होतील, एवढंच. घरच्यांची सही हवी, म्हणून विनिताताईंनी पंढरीला फोन लावला. त्याला सुट्टी मिळेना. दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून सून रंभाच आली.

तिने कागद वाचला, पेन हातात घेतलं आणि थांबून विचारलं, "आंघोळीलाच ओरडतात? बाकी नाही?"

"फक्त आंघोळीला. पाण्याची भीती बसली असेल."

"पाण्याची?" रंभा हसली. "मिठागरात जन्म गेला ओ त्यांचा!" मग तिचं हसू मावळलं. "ताई, तुम्ही कपडे काढता का त्यांचे? सगळे?"

"म्हणजे काय? कपड्यांत आंघोळ कशी घालणार?"

"आमच्या सासूबाई तशीच करतात. लुगडं अंगावर ठेवून. आधी विहिरीवर करायच्या, मग घरात बाथरूम झालं तरी तसंच. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी अजून त्यांची पाठ पाहिली नाहीये. मी फक्त पाणी ओतायचे."

'मना उघरी करू नको गो!' रोज सकाळी पॅसेजमधून जाताना तुळसाबाईंचं हे ओरडणं विनिताताईंच्या कानावर पडत होतं. शब्द कळतही होते. पण म्हातारपणाचा कालवा समजून त्या पुढच्या खोलीकडे वळत. दाखल करतानाचा चार पानी फॉर्म त्यांनीच बनवलेला. बीपी, साखर, ॲलर्जी, पथ्य. या बाई आंघोळ कशी करतात, हे त्यात कुठे विचारलं होतं?

त्यांनी रंभासमोरचा कागद मागे ओढला. "सही राहू दे. त्यांचं एखादं जुनं लुगडं मिळेल?"

रंभाने पिशवीतूनच दोन काढून दिली. "त्यांच्या उशाशी ठेवायला आणलेली. मॅक्सीत त्या आमच्या वाटतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, बाथरूम रिकामं असताना, विनिताताई स्वतः तुळसाबाईंना घेऊन गेल्या. खुर्चीवर बसवलं, लुगडं नीट लपेटलं आणि आतली मॅक्सी खालून काढून घेतली. तुळसाबाईंनी डोळे घट्ट मिटले होते. खांद्यावर पहिला तांब्या पडला तेव्हा त्या दचकल्या, पण ओरडल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. विनिताताईंनी त्यावर साबण ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठीमागे ओल्या कापडाखाली साबण फिरल्याचा आवाज येत राहिला.

खरी तारांबळ उडाली ती नंतर. ओल्यावरून कोरडं गुंडाळायचं आणि ओलं अलगद खाली सोडायचं, हे विनिताताईंना काही जमेना. दोन्ही पदर एकमेकांत गुंतले. तुळसाबाई बोळक्या तोंडाने हसायला लागल्या.

"येवरी शिकलेली तू, नि लुगरा नेसवता नाय येत?"

त्यांचा तो हसरा आवाज विनिताताई पहिल्यांदाच ऐकत होत्या. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी कोपराने पुसलं.

"चाळीस मिनिटं?" कल्पिता म्हणाली. "चौदा जणींना कसं पुरं पडायचं ताई?" तिचं खोटं नव्हतं. मग आंघोळी दिवसभरात वाटल्या, धुणं वाढलं, एखाददिवशी तुळसाबाईंचं नुसतं अंग पुसून भागवावं लागलं. आठवड्याने कल्पिता आपण होऊन त्यांच्याकडे गेली. तुळसाबाईंनी तिचं मनगट हातात घेऊन निरखलं, चाव्याच्या वणावरून अंगठा फिरवला.

"मी केला?"

"जाऊ दे गं आजी. बरं झालंय आता."

त्याच आठवड्यात विनिताताई विमलाबाईंच्या खोलीत डोकावल्या. कल्याणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विमलाबाई चार वर्षं इथे होत्या आणि तक्रारीचा शब्द नव्हता. आश्रम पाहायला कुणी आलं की विनिताताई त्यांना आधी इथेच आणत.

"ऐकलं मी सगळं," विमलाबाई म्हणाल्या. "छान केलंत." आणि मग खिडकीकडे बघत, "सकाळी सातला माझेही सांधे आखडलेले असतात हो. पाणी घेताना रडू येतं."

"चार वर्षं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळ्या इतकं करता. कोणत्या तोंडाने बोलायचं?"

विनिताताईंची राऊंड अर्धीच झाली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आणखी काय काय, सांगा."

"रागावणार नाही ना?" विमलाबाईंनी विचारलं, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवत हळूहळू सांगायला सुरुवात केली.