पायाखालचा समुद्र

“खिडकीची जागा ठेवलीय तुझ्यासाठी,” हेमा फोनवर म्हणाली. “सकाळी सहाला बस निघेल. या वेळी नाही म्हणू नकोस.”

द्वारका हो म्हणाली.

हेमा आता भूशास्त्र शिकवत होती आणि विद्यार्थ्यांना घेऊन दोन दिवसांसाठी शहाबादच्या खाणींवर निघाली होती. एम.एस्सी.ला दोघी एकाच बाकावर बसत. तेव्हाची शहाबादची सहल द्वारकाच्या साखरपुड्याच्या आठवड्यात आली, आणि खाणींत दगड होऊन राहिलेला तो समुद्र पाहायचा राहून गेला. समुद्रच तो, शंख-शिंपले जन्मण्याआधीचा, उथळ, निवांत. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर निजत गेला आणि स्वतःच्याच भाराखाली दगड झाला. त्या दगडाची फरशी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात होती. द्वारका ती रोज पुसत असे.

संध्याकाळी सून निकिता हिंजवडीच्या ऑफिसातून परतली, तेव्हा तिचा दोन वर्षांचा साई तापाने फणफणला होता. पाळणाघर त्याला घेणार नव्हते, मुलगा दिग्विजय अमेरिकेत होता, आणि निकिताच्या सॉफ्टवेअरचे रिलीज परवावर आले होते. रजेचा शब्द काढण्याची सोय नव्हती.

“आई, तुम्ही जा. मी बघते काहीतरी,” निकिता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

द्वारकाने नवऱ्याकडे पाहिले. “अहो, दोन दिवस तुम्ही सांभाळाल त्याला?”

“मला ते औषधाचं वगैरे कुठे जमतं?” रंगनाथरावांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. “आणि शहाबाद बघायला शहाबादला कशाला जायचं? पायाखालीच आहे की.”

जाऊ नकोस, असे कुणीच म्हटले नव्हते. तिने फोन उचलला आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितले.

रात्री वरणभातावर लिंबू पिळताना फोड तिच्या बोटांतून निसटली. फरशीवर रस सांडला. द्वारका फडके घेऊन खाली बसली आणि तशीच थांबली. बरेचसे कॅल्शियम कार्बोनेट, थोडी माती, थोडी सिलिका, त्यावर आम्ल. रसाच्या कडेने सुईच्या अग्राएवढे बुडबुडे वर येत होते. मनुष्य नव्हता तेव्हापासून दगडात बांधलेली हवा सुटत होती.

“काय सांडलं गं?” बाहेरून रंगनाथरावांचा आवाज आला.

“लिंबू.”

“पूस लगेच. डाग पडेल.”

“पुसते,” ती म्हणाली, आणि शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत फडके हातातच धरून बसून राहिली.