अवघड जागेचं गिऱ्हाईक

"तुमच्या गिऱ्हाईकाला चट्टा उठलाय, म्हणजे नेमकं कुठं?" जावयाने खुर्चीत बसल्या बसल्या आरशातून विचारलं.

कात्री थांबली. ज्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणते, ज्याच्या दुकानात दाढी होईपर्यंत चार घरच्या भानगडी फुकट ऐकायला मिळतात, त्या माणसाला शब्द सापडेना. त्याने जावयाच्या मानेवरचे केस उगीचच झटकले, दारात कोणी नाही ना ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं हो. लघवीच्या जागी. टोकाला लाल चट्टा आहे म्हणतो. लाजतो बिचारा, म्हणून मी विचारतोय."

जावई मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वॉर्डात ब्रदर होता. असल्या गोष्टींचं त्याला काही वाटत नसे. त्याने सरळ सांगितलं, की बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. बुरशी असते, रक्तात साखर वाढलेली असते, नुसता साबणही बाधतो. पण दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, रक्त आलं, हाताला कडक लागलं किंवा कातडी मागे सरेनाशी झाली, तर घरी मलम चोळत बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. रेडिओ म्हणाला, "सांगतो की त्याला," आणि जावयाचे केस जरा जास्तच बारीक केले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. गिऱ्हाईक वगैरे कोणी नव्हतं. चट्टा रेडिओचाच होता.

गेल्या थंडीत अंघोळ करताना तो पहिल्यांदा दिसला. रेडिओला वाटलं, विजार काचली असेल. मग औषधांच्या दुकानात जाऊन, काखेत खाज सुटते म्हणून त्याने गजकर्णाचं मलम आणलं. काखेच्या नावाने आणलेलं मलम भलत्याच जागी लागलं. चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी चट्टा पुन्हा हजर. चिवट पाहुणा नुसता, जायचं नाव घेईना.

बायको असती तर तोंड उघडायची वेळच आली नसती. कपडे धुताना तिनेच ओळखलं असतं आणि बखोटीला धरून दवाखान्यात नेलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. दिवसभर दुकानात रेडिओच्या तोंडाचा पट्टा चालू असे आणि संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की रेडिओ बंद. एकट्यापुरतं रांधायचं, भिंतीकडे बघत जेवायचं. आज मीठ जास्त पडलं, एवढं म्हणायलाही समोर माणूस नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. त्याला काही झाली नव्हती.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ह्याच दुकानात त्याने दहा जणांना ऐकवलं होतं, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य! आता आपल्याला दुखून चालायचं नाही बुवा." सगळे पोट धरून हसले होते. बायकोने मात्र घरी आल्यावर डोळे वटारले होते, जिभेला हाड नाही म्हणाली होती. आता तीच म्हण त्याच्या घरी मुक्कामाला आली होती. दुखण्याची त्याला भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. विधुर माणूस, आणि रोग असल्या जागी. जावई काय समजेल? म्हाताऱ्याला ह्या वयात चळ लागला, असंच ना? आणि लेकीच्या कानावर गेलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

जावई केस कापायला आला की विचारी, "काय मामा, गेलं का तुमचं गिऱ्हाईक दाखवायला?" रेडिओ कधी गिऱ्हाईकाला परगावी पाठवी, कधी त्याला परस्पर बरं करून टाकी. एकदा तर त्याने त्याला घर बदलायला लावलं. थापा मारायला तो काही कच्चा नव्हता. पण उन्हाळा सरता सरता त्याला विजारीवर रक्ताचा डाग दिसला. बोट लावून पाहिलं तर चट्ट्याची कड वाळल्या भाकरीसारखी कडक लागली.

त्याच आठवड्यात जावई आला. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही. मानेभोवती कापड बांधून झाल्यावर तो आरशात न बघता बोलला.

"मामा, मंगळवारी माझी सुट्टी असते. मी दवाखान्याकडे फिरकतसुद्धा नाही. कातडीचे डॉक्टर चांगले आहेत, पडदा ओढून बघतात. तुमच्या गिऱ्हाईकाला सांगा, असलं काही झालं म्हणजे माणूस वाईट चालीचाच असतो असं नाही. कोणी तसं समजत नाही. मी तर नाहीच."

रेडिओने हातातला कंगवा फळीवर शोधला, खणात शोधला. मग तो हातातच आहे हे त्याच्या लक्षात आलं.

मंगळवारी तो गेला. डॉक्टरांनी पडदा ओढला, बघितलं आणि कधीपासून आहे ते विचारलं. रेडिओने आधी महिना झाला म्हणून सांगितलं, मग थंडीपासून आहे म्हणून सांगितलं. जांघेत गाठी आहेत का ते चाचपून झालं, कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला गेला, आणि पुढच्या फेरीत डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला. पसरलेला दिसत नव्हता, जीव वाचणार होता. पण पुढचा भाग काढावा लागणार होता. आधी आलो असतो तर, असं रेडिओने विचारलं. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. अगदी सुरुवातीला आला असतात तर कदाचित औषधावर भागलं असतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे? ऑपरेशनच्या दिवशी एक माणूस लागेल.

रेडिओ बाहेर बाकावर येऊन बसला. अर्ध्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. त्यातल्या कोणाला म्हणावं, की ये, माझ्या उशाशी बस? बऱ्याच वेळाने त्याने फोन काढला.

"जावईबापू, त्या गिऱ्हाईकाचं ऑपरेशन ठरलं." मग तो पुढे म्हणाला, "त्याच्याजवळ बसायला कोणी नाही हो."

पलीकडून जावयाचा आवाज आला.

"मी आहे ना, मामा. सांगा त्याला."

रेडिओ तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ढसाढसा रडला.

लेकीला हर्निया म्हणून सांगितलं गेलं. ते जावयानेच सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी तोच ट्रे घेऊन पलंगाशी आला. ट्रेमध्ये साबणाचा फेस होता, टॉवेल होता आणि एक प्लॅस्टिकचा रेझर. कापायच्या आधी तिथली जागा साफ करायची, आणि ते काम ब्रदरचं, अशी तिथली पद्धत. जावयाने पडदा ओढला आणि तो ट्रेकडे बघत नुसताच उभा राहिला.

"इकडे द्या ते," रेडिओ म्हणाला. "जन्मभर दुसऱ्यांची केली, आता स्वतःची येणार नाही होय?" त्याने रेझर बोटांत फिरवून पाहिला. असल्या खेळण्याने मांजराची मिशीसुद्धा निघायची नाही, असं तो पुटपुटला.

जावयाने पाठ फिरवली आणि पडद्याची फट हाताने धरून ठेवली.

रेडिओने घाई केली नाही. फेस नीट मुरू दिला, कातडी दोन बोटांनी ताणली आणि नवरदेवाची दाढी करावी तशी निगुतीने ती जागा साफ केली. कुठे ओरखडा उठू दिला नाही. जे उद्या असणार नव्हतं त्याच्याकडे तो थोडा वेळ बघत राहिला. त्याला बायकोची फार आठवण आली.

"झालं का, मामा?" जावयाने मागे न बघता विचारलं.

"झालं," रेडिओ म्हणाला. "न्या आता गिऱ्हाईकाला."

मग सवयीने त्याने मांडीवरचा टॉवेल उचलून झटकला, आणि पांढरे केस फरशीवर पडले.