पाहुणीची नळी

“पाहुण्यापुढे नळी ठेवायच्या आधी हातात तोलून बघ. हलकी लागली तर बाजूला सार. जड असेल तीच दे.”

नीविआकची आई असं सांगायची. सांगताना दोन्ही तळहातांवर कॅरिबूच्या, त्या बर्फाळ मुलखातल्या मोठ्या हरणाच्या, मांडीच्या दोन नळ्या घेऊन डोळे मिटायची, जणू प्रार्थनाच चालली आहे. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी नळी हातात आली की नीविआकचे डोळे अजून आपोआप मिटत.

आणि हातात नळ्या यायच्या त्या रोजच. दक्षिणेकडून लॉरेन नावाची बाई दर शरदात कॅरिबूंचा अभ्यास करायला येई, आणि वर्षभर तिच्यासाठी नळ्या गोळा करायचं काम नीविआककडे होतं. शिकारी जनावर पाडून आला की त्याने एका पिशवीत मागच्या मांडीची नळी आणि खालचा जबडा घालायचा, नर की मादी आणि कुठे पाडलं ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि पिशवी नीविआकच्या ओसरीतल्या पेटीत आणून टाकायची. नळी फोडली की जनावराचं वर्ष कसं गेलं ते कळतं. आतली मज्जा पांढरी आणि मेणासारखी घट्ट असली, तर पोटभर मिळालं. लाल आणि पातळ असली, तर अंगावरची सगळी चरबी संपून जनावर आता हाडांतलं खात होतं, असं समजायचं. हे लॉरेनने कुणाला शिकवलं नव्हतं. गावाला ते ठाऊकच होतं, लॉरेन फक्त वजन करून लिहून ठेवत होती.

यंदा नोव्हेंबर लागला तरी तळं पुरतं गोठलं नव्हतं. मंगळवारी शाळेच्या दालनात गाव जमलं आणि लॉरेनने भिंतीवर मज्जेच्या नऊ वर्षांच्या आकड्यांची रेघ दाखवली. रेघ सरळ होती. लॉरेन म्हणाली, तीन हिवाळे झाले, भर थंडीत पाऊस पडतो, बर्फावर काचेसारखा थर चढतो आणि कॅरिबूंना खुरांनी खणून खालचं दगडफूल काढता येत नाही. इतर गावांकडे कळप निम्मे झाले. पण तुमच्या जनावरांची मज्जा होती तशीच आहे. असं का, ते मला कळत नाही, पण आकडे असं सांगतात. शुक्रवारी शिकारीचे नियम ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. रेघ अशीच राहिली तर माद्यांची शिकार याही हिवाळ्यात खुली राहणार होती.

लोक खूश झाले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की आपले कॅरिबू गुपचूप दुकानात जाऊन जेवत असतील. सगळे हसले. नीविआकही हसली, पण तिला नदी आठवली. सप्टेंबरात नदीच्या उतारावर ती तीन दिवस बसली होती. माद्या येत होत्या, पाण्यात उतरत होत्या, पलीकडे चढत होत्या. त्यांच्यामागे पिल्लं नव्हती. आणि एवढं मोठं खिल्लार जात असताना आवाज कसला तो नव्हता, एरवी आया पिल्लांना हाका मारतात तसला. तेव्हा तिने स्वतःला समजावलं होतं की पिल्लं मागच्या टोळीत असतील.

दालनातून ती भावाकडे गेली. पुटुलिक तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. पण त्याला त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून त्याचे दात यायच्या आधीपासून ती त्याला आजोबा म्हणायची आणि तो तिला पोरी. तो ओसरीत कुत्र्यांसाठी हाडं फोडत बसला होता.

“आलीस का पोरी? लॉरेनबाईंनी आमची पाठ थोपटली म्हणे.”

“थोपटली. आजोबांनी आधी नाक पुसावं, मग शाबासकी घ्यावी.”

तो हसला आणि कुऱ्हाडीची मागची बाजू नळीवर घातली. नळी फुटली. आतून लालसर पाणी निघालं, कुऱ्हाडीच्या पात्यावरून ओघळलं आणि लाकडावर पसरलं. कुत्रं जवळ आलं, त्याने हुंगलं, एकदा चाटलं आणि तोंड फिरवून परत जाऊन बसलं.

नीविआकने खाली बसून उरलेल्या नळ्या एकेक करून तळहातावर घेतल्या. सगळ्या हलक्या. वाळलेल्या काटक्यांसारख्या. हे कुठलं, असं तिने विचारलं. कुत्र्यांसाठी ठेवलेलं, तो म्हणाला. कधीपासून असं निघतंय? त्याने खांदे उडवले. तीन हिवाळे झाले असतील. आधी दहात एखादं, आता पाचात दोन, कधी तीन. पाय कापलेले, नडग्यांवर बर्फाच्या कडांनी झालेल्या जखमा, पाठीवर बोटभरसुद्धा चरबी नाही.

“आणि लॉरेनच्या पिशवीत काय घालत होतात?”

पुटुलिकने तिच्याकडे असं पाहिलं, की हिला ताप तर नाही ना.

“चांगली नळी. दुसरं काय घालणार? बाई एवढ्या लांबून येते. तिला असली नळी द्यायची? गावाची लाज काढायची?”

“सगळेच असं करतात?”

“तू काय करायचीस, पोरी?”

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं, पण नीविआकचा हात तिथेच थांबला. दुसऱ्याच वर्षी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने आणलेली नळी हलकी लागली म्हणून तिने ती परत केली होती. काका, जरा बरी बघून आणा, असं हळूच सांगून. नऊ वर्षांत असं किती वेळा झालं, ते तिला आठवेना. लॉरेनच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की नळी निवडू नका, पहिलं जनावर पाडाल त्याचीच द्या. नीविआकने ते गावाला वाचूनही दाखवलं होतं. लोक माना डोलवून हसले होते. न निवडता कुणी पाहुण्याला काही देतं का.

म्हणजे भिंतीवरची ती सरळ रेघ कळपाची नव्हती. ती गावाच्या अगत्याची होती, आणि नीविआकने ती नऊ वर्षं स्वतःच्या हाताने ओढली होती.

लॉरेन शाळेमागच्या खोलीत सामान बांधत होती. नीविआकने चहा घेतला, दुसरा घेतला, हवामानाबद्दल बोलून झालं, लॉरेनच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारून झालं. मग तिने सांगितलं. लॉरेन ऐकता ऐकता खोक्यावर बसली आणि हातातली दोरी गुंडाळत राहिली.

ती म्हणाली, “चूक माझीच. नऊ वर्षं तुमच्या घरी जेवले, आणि तुम्ही ताटात काय वाढता ते कधी पाहिलं नाही.” मग ती म्हणाली की कुत्र्यापुढच्या एका हाडावरून समितीला काही सांगता येणार नाही. न निवडलेल्या निदान वीस नळ्या लागतील, कुठे पाडलं त्या जागेसकट, आणि त्या शुक्रवारच्या आत. तसं नसेल तर दालनात दाखवलेलीच रेघ पुढे जाईल, आणि हिवाळाभर माद्या पडतील. उरल्यासुरल्या माद्या.

“आणते,” नीविआक म्हणाली.

“कुठून?”

तेवढं तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिने शब्द दिला, आणि शब्द दिल्यावर चहाचा कप उपडा घातला.

बुधवारी सकाळी प्रार्थना आटोपून ती पुन्हा पुटुलिककडे गेली. कुत्र्यांना घातलीत ती थोडी, बाकीची जनावरं कुठे आहेत, असं विचारलं. शिकारी लोक असलं बोलत नाहीत. पाडलेलं जनावर रानात टाकून येणं ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. मग त्याने खिडकीकडे पाहत सांगितलं. लांब्या तळ्याच्या उत्तर काठावर. घरी आणून बायकापोरांना काय दाखवायचं, म्हणून तिथेच ठेवली. पण उघड्यावर टाकली नाहीत. वर दगड रचले, लांडग्यांनी ओढू नये म्हणून. प्रत्येकाने आपापले रचलेत.

“किती असतील?”

“मी मोजले नाहीत. मोजू नयेत असं वाटलं.” मग तो तिच्याकडे वळला. “पोरी, तू हे दाखवलंस की शिकार बंद होईल. मग मार्चमध्ये मुलांनी खायचं काय? दुकानातली कोंबडी?”

“बंद झाली नाही, तर त्यापुढच्या मार्चमध्ये काय खातील, आजोबा?”

“गाव तुला बोलेल. तूच पिशव्या घ्यायचीस, तूच आता उलटलीस म्हणतील.”

“म्हणू देत. खरंच आहे ते.”

त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मी येणार नाही, असं म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज खरोखरच म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. ती दाराशी गेली तेव्हा एवढंच म्हणाला, की तळ्यावरून जाऊ नकोस, बर्फ धरत नाही. परवा मधोमध कॅरिबूंची एक अख्खी टोळी आत गेली, पाण्यावर नुसती शिंगं दिसत होती.

बाहेर आली तर अंगावर काहीतरी पडलं. तिने तोंड वर केलं. हिम नव्हतं. बारीक, जवळजवळ कोमट पाऊस होता, आणि तो खालच्या पांढऱ्यावर पडल्यापडल्या चकाकत होता. घराघरांची छपरं, होड्या, वाळत घातलेली कातडी, सगळ्यांवर एक पातळ काच चढत चालली होती. कुत्री गप्प होती. एवढा वेळ कुठलंच कुत्रं भुंकलं नव्हतं हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तळ्याच्या दिशेला कावळ्यांचा एक काळा पट्टा वर उठला, फिरला आणि पुन्हा तिथेच बसला.

बर्फावरची मोटारगाडी नेली तर घसरेल, म्हणून तिने हातानेच ओढायची लहान घसरगाडी काढली. तिच्यावर वीस पिशव्या, वीस कोऱ्या चिठ्ठ्या, पेन्सिल आणि करवत बांधली. थोडा विचार करून आणखी वीस पिशव्या घेतल्या. टोपीची नाडी हनुवटीखाली आवळली, दोरी खांद्यावरून घेतली, आणि तळ्याला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेने ती चालू लागली. पहिल्याच पावलाला वरचा थर कडकन फुटला आणि त्याची कड तिच्या नडगीला लागली.