साठावी मुलगी

अरे, मध्ये बोलू नका हं, मग मी विसरते! तर आमच्या गौरीचे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, चार दात काढायचे ठरले होते. चांगले, पक्के, एक पण किडलेला नाही! हैदराबादेत कोठी भागातल्या दातांच्या डॉक्टरांनी डोक्याचा एक्स-रे काढला, त्यावर कोनमापक लावला आणि म्हणाले, पुढचे दात फार बाहेर आहेत. सुळ्यांमागचे चार काढू, तार लावू, आत ढकलू. शनिवारची वेळ पण दिली. गौरी अकरा वर्षांची. सारखी आरशात तोंड वेंगाडून बघायची. रडायची नाही, तेच जास्त वाईट वाटायचं रे.

आणि आमचा उदयदादा, आत्याचा मुलगा, दातांचं एमडीएस करतोय ना, तो आईला म्हणाला, "मामी, मोजलं बरोबर, पण तक्ता कुणाचा? अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांचा! इथल्या मुलांचं कुणी मोजलंय?"

तो तेच मोजत होता! त्याचा प्रबंधच तो. इकडची साठ मराठी मुलं, सरळ दातांची. डोकं स्टँडमध्ये धरायचं, बाजूनं एक्स-रेची फिल्म घ्यायची, ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं उतरवायची, कोन मोजायचे. एकोणसाठ झाली होती. तो जाऊन डॉक्टरांना भेटला. ते म्हणाले, शनिवारपर्यंत साठ पूर्ण करून आण, मग बघू.

मी म्हटलं, "मग गौरीलाच घे की साठावी."

दादा उसळला, "हौ! जिचा निवाडा करायचा तिलाच पंचांत बसवू? नक्को!"

काय म्हणालास मिलिंद? एक पोरगी मिळत नाही? तुला काय माहीत! दादा म्हणायचा सरळ दातांची मुलं आणा, तर आया वेड्यावाकड्या दातांची आणायच्या, फुकटात तार लागेल म्हणून. आणि सरळ दातांची घरात दडवायच्या! बरकतपुऱ्यात आमच्या शेजारी प्रियदर्शिनीकाकू आहेत, त्यांची मीना अगदी हवी तशी. दादा त्यांच्या दारात उभा राहून म्हणतो, "काकू, इतके सुरेख दात मी अख्ख्या हैदराबादेत पाहिले नाहीत."

झालं! काकूंनी मीनाला आत ओढलं. "दृष्ट लावतोस का रे माझ्या पोरीला?" आणि धाडकन दार बंद.

गुरुवारी मीच गेले, साखर मागायच्या निमित्तानं. सहज म्हटलं, "काकू, दादाला दुसरी मुलगी मिळाली बरं का. मीनाचे ठीकठाकच आहेत म्हणतो."

"ठीकठाक? त्याच्या डोळ्यांच्या काय कवड्या झाल्यात?"

शुक्रवारी सकाळी दादा कॉलेजात पोचायच्या आधी काकू मीनाला घेऊन एक्स-रेच्या खोलीबाहेर हजर! "मोज. नीट मोज." रुमालात मीठ-मिरच्या बांधून आणल्या होत्या. फिल्म झाल्या झाल्या तिथंच मीनावरून ओवाळल्या, आणि रांगेतले पेशंट बघतच राहिले.

संध्याकाळी दादा सरासरी काढायला आमच्याच घरी बसला. गौरी शेजारी बसून त्याच्या पेन्सिलींना टोक करत होती, एकामागून एक, टोक असलेल्यांना पण! वरच्या-खालच्या पुढच्या दातांचा कोन, जितका कमी तितके दात बाहेर, अमेरिकन तक्त्यात एकशेतीस. आमच्या साठांचा निघाला एकशेचोवीस, पाच-सहा इकडेतिकडे चालतात. गौरीचा एकशेएकोणीस. दादानं तीनदा बेरीज केली. आई म्हणाली, "बोल की रे!"

"बसते, मामी. काठावर, पण बसते."

शनिवारी डॉक्टरांचा विश्वासच बसेना. त्यांनी साठातल्या दहा फिल्म उचलल्या आणि स्वतःच्या कोनमापकानं मोजल्या, तासभर! बाहेर पेशंट खोळंबले. आई, दादा, गौरी आणि मी, चौघं बाकावर. मग त्यांनी गौरीच्या कार्डावरची दात काढायची ओळ खोडली आणि लिहिलं, थांबणे, वर्षानं पुन्हा फिल्म. दादाला म्हणाले, "या कागदांची एक प्रत मला दे."

आणि गौरी काय म्हणाली असेल? "मला भूक लागलीय." भीतीनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता तिनं!

सुलतान बाजारात गाडीवर मिरची-भजी घेतली. ती अशी तुटून पडली की दादा ओरडला, "अगं, हळू! चावून खा!"

भरल्या तोंडानं म्हणते, "चावतेच आहे. सगळ्या दातांनी."